डावं पान तोडणाऱ्यांचं

आमच्या घरमालकांना कोणी म्हणालं, "काय उकडतंय आज," तर ते विचारायचे, "हे कोणाचं म्हणणं?"

आता उकडतंय ते ज्याच्या त्याच्या अंगाला कळतं. त्यात म्हणणं कोणाचं असायचंय? पण सरांचं डोकं तसंच होतं. समोरचा गोंधळून म्हणायचा, "माझंच." मग सर मान हलवायचे. "ठीक. नावावर असलेलं बरं." आणि वर विचारायचे, "उकडत नाही असं म्हणणारं कोणी भेटलं का?"

मी चौथी पास. लिहिणं माझं काम नाही. कल्याणला खाडीच्या अंगाला लाकडाची वखार होती, तिथं मी एकतीस वर्षं लाकूड कापायच्या आऱ्यावर काढली. ही गेली त्याला आठ महिने झाले. मुलगा म्हणाला, बाबा, नुसते बसून राहता, त्यापेक्षा आठवतं ते लिहून काढा. हिच्याबद्दल लिहायला घेतलं तर पेन पुढं सरकेना. म्हणून सरांबद्दल लिहितो. त्यात ही येईलच. सर वर राहायचे आणि खाली आम्ही, तेव्हा हिच्याशिवाय सरांची गोष्ट सांगताच येत नाही.

सर डोंबिवलीत शाळेत भूगोल शिकवायचे. एकमजली घर त्यांचं, खालच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. ऐंशी-एक्याऐंशीला राहायला आलो तेव्हा सरांच्या रिटायरमेंटला चार-पाच वर्षं होती. उंच, बारीक, चालताना थोडे तिरके चालायचे, जसं काही समोरून येणाऱ्याला वाट करून देतायत. खुर्चीवर कधी पूर्ण बसले नाहीत. कडेला टेकायचे. लग्न केलं नव्हतं. हिनं एकदा विचारलं, "का हो सर, नाही केलंत?" तर म्हणाले, "दोन्ही बाजू ऐकत बसलो, वहिनी. निकाल लागेपर्यंत वय निघून गेलं."

मला ते मिस्त्री म्हणायचे. मी मिस्त्री नाही, आरेवाला. मिस्त्री वेगळा, तो रंधा मारतो, दारं करतो. मी ओंडका ट्रॉलीवर चढवून बँडसॉला लावतो. दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

घरी पेपर दोन यायचे. एक सरकारला शिव्या देणारा, एक आरती ओवाळणारा. दोन्ही वाचून झाल्यावर सर चहा प्यायचे, मधे नाही. बाजारात भाजीवालीला विचारायचे, "ही भेंडी का घेऊ नये ते सांग." ती आगरीण होती, पलीकडच्या गावातली, तोंडाला फटकळ. ती म्हणायची, "सर, तुम्ही नकाच घेऊ. मागं माणसं खोळंबल्यात." सरांना त्यात अपमान वाटायचा नाही. खूश व्हायचे. खरं बोलते म्हणून भेंडी तिच्याकडूनच घ्यायचे.

एकदा आमच्या खोलीत गळायला लागलं. दुसरा मालक असता तर गवंडी आणून मोकळा झाला असता, नाहीतर कानावर हात ठेवले असते. सरांनी दोन गवंडी आणले. एक म्हणाला स्लॅब फुटला, दुसरा म्हणाला पाइप फुटला. सरांनी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं आणि तिसरा शोधायला गेले. पंधरा दिवस हिनं पातेलं लावून काढले. सोळाव्या दिवशी जिन्याखालून वर ओरडली, "सर, तुमचं ऐकणं चालू द्या, पण पाण्याची बाजू माझ्या डाळीत आली!" त्या दिवशी दुपारी पाइप बदलला.

आम्हा दोघांचं भांडण झालं आणि आवाज वर गेला तर सर खाली यायचे. दारात उभे राहून मला विचारायचे, "मिस्त्री, वहिनींचं म्हणणं काय आहे?" मी म्हणायचो, "तिला विचारा ना." तर म्हणायचे, "त्यांना त्यांचं माहीतच आहे. तुम्हाला माहीत आहे का ते बघतोय." मला राग यायचा. हिला हसू यायचं. भांडण तिथंच बसायचं.

तर अशा माणसानं रिटायर झाल्यावर काय करावं? गावी जावं, शिकवण्या घ्याव्यात, काहीतरी. सरांनी जंगल अभ्यासाला घेतलं. इथलं नाही. विषुववृत्तावरचं, जिथं बारा महिने पाऊस पडतो ते. ब्राझील, मलेशिया, कुठं कुठं. नाशिकच्या पुढं हा माणूस कधी गेला नव्हता. मी म्हटलं, "सर, तुम्हाला काय करायचंय तिकडचं?"

ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी तो धडा शिकवला, मिस्त्री. दीड पान होता. एका तासात संपवायचो आणि फळा पुसायचो. आता पेपरात रोज येतंय, जंगल वाचवा, जंगल वाचवा. बरोबरच असेल. पण कोणीतरी तोडतंय ना? त्याला कोणी विचारलं का, बाबा तू का तोडतोस?"

त्यांनी मोठी वही केली, दोन फुलस्केप वह्या एकत्र शिवून. उजव्या पानावर झाडं राखा म्हणणाऱ्यांचं, डाव्या पानावर तोडणाऱ्यांचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात कोणाचं म्हणणं ते. नाव नाही तर ओळ नाही, हा नियम. वाचनालयाला त्यांचं हे आवडलं. डोंबिवलीत तेव्हा वाचनालयाचा हॉल म्हणजे मोठी गोष्ट, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथं व्याख्यान व्हायचं. चिटणीस सरांचाच विद्यार्थी. तो म्हणाला, सर, वही पुरी करा, आधी व्याख्यान ठेवू, मग आपण पुस्तिका छापू. सरांच्या आयुष्यात त्यांचं नाव असलेलं छापील काही नव्हतं. वहीचं काम करताना ते गुणगुणायचे. आधी कधी ऐकलं नव्हतं.

उजवं पान भरत गेलं. कॉलेजची पोरं पत्रकं आणून द्यायची, मासिकातली कात्रणं मिळायची. डावं पान रिकामं. सरांनी इंग्रजीत पत्रं लिहिली, दिल्लीला वकिलातींना, कुठल्या लाकूड कंपन्यांना. पोस्टमन गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तकं आणून द्यायचा. त्यात टोपी घातलेला माणूस झाडाला हात लावून हसत उभा. सर वैतागायचे. "हा फोटोसाठी उभा आहे. याला कोणी करवत दिली नसेल कधी."

मग एका रविवारी म्हणाले, "मिस्त्री, येऊरला चला. आपल्या जवळचं जंगल तेच. लाकूड ओळखणारा माणूस बरोबर हवा." आम्ही बसनं ठाण्याला गेलो आणि तिथून वर डोंगरात चालत. आधी फॉरेस्ट गार्ड भेटला. त्यानं लाकूडतोड करणाऱ्यांना दहा शिव्या दिल्या, सरांनी शिव्या गाळून लिहून घेतलं. पुढं उतारावर एक आदिवासी बाई येत होती, डोक्यावर मोळी. वय माझ्या आईएवढं असेल. सर वाटेत आडवे.

"बाई, तुम्ही लाकूड तोडता. त्यामागं तुमची बाजू काय?"

ती थांबली. खालून वर सरांकडे बघितलं. "बाजू?"

"म्हणजे कारण. का तोडता?"

"धर," ती म्हणाली.

"काय?"

"मोळी धर जरा. मंग सांगते."

सरांनी चष्मा मला दिला आणि मोळी डोक्यावर घेतली. मान अशी खाली गेली की मला वाटलं आता काही खरं नाही. ती बाई दगडावर बसली, पाय चोळले, तंबाखू मळली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सर घामानं निथळले, पण मोळी खाली टाकली नाही. मी घेतो म्हटलं तर नको म्हणाले. मग ती उठली, मोळी आपल्या डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "कळली बाजू?" आणि गेली.

सरांनी डाव्या पानावर लिहिलं, "मोळी जड असते." कंसात, "येऊरच्या एक बाई. नाव विचारायचं राहिलं." नियम मोडलेली ओळ वहीत तेवढी एकच होती. आठ दिवस मान वाकडी. हिनं तेल चोळायला दिलं आणि म्हणाली, "आता झाडं तोडणारी बाई भेटली, उद्या डोंगर फोडणारा भेटेल, तेव्हा जपून."

सर कसे होते हे कोणाला सांगायचं झालं तर मी ही मोळीची गोष्ट सांगतो. लोक हसतात. मीही हसतो. पण दहा मिनिटं ती मोळी कोणी धरली असती?

आता पुढचं. ते सांगायला मला जड जातं, तरी सांगतो.

नव्वदीची सुरुवात होती. आमच्या वखारीत तोवर सागच यायचा जास्त. मग साग महागला, मिळेना, आणि बंदरातून परदेशी ओंडके यायला लागले. मलेशियन साल म्हणायचे त्याला. लांबच लांब, सरळसोट, गाठ नाही, लालसर लाकूड. ठाण्याला माजिवड्यापासून पुढं, इकडं डोंबिवलीत, जिथं तिथं बिल्डिंगी उठत होत्या. सगळ्या दारांच्या चौकटी त्याच्या. भुसासुद्धा गुलाबी पडायचा. कपड्यात, केसात, कानात.

हिनं माझे कपडे धुऊन जिन्यातल्या दोरीवर टाकलेले. सर वरून उतरत होते. पँटचा खिसा झटकला आणि भुसा हातावर घेऊन बघत उभे राहिले.

"मिस्त्री, हा सागाचा नाही."

"नाही. मलेशियन."

सर पायरीवरच बसले. कडेला नाही, चांगले मधोमध बसले. "दोन वर्षं मी पत्रं लिहितोय," ते म्हणाले, "आणि ते जंगल माझ्या दोरीवर वाळत पडलंय."

त्या दिवसापासून माझी चौकशी सुरू. कामावरून आलो की सर वही घेऊन खाली हजर. ही चहा टाकायची. ओंडके येतात कसे, जाडी किती, कापताना आवाज कसा येतो, वास कसा, हात दुखतात का, मालक काय म्हणतो. मला आधी कंटाळा आला. मग खोटं कशाला बोलू, बरं वाटायला लागलं. तोवर इतक्या वर्षांत मला माझ्या कामाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. ही सोडून, आणि ती पण एवढंच विचारायची, हात नीट आहेत ना.

एका संध्याकाळी सरांनी विचारलं, "ही झाडं किती जुनी असतात?"

आता हे मला विचारायचं? लाकडाचं वय हा माझा घरचा प्रश्न. सागाचा ओंडका ट्रॉलीवर आला की मी आधी त्याच्या तोंडावर ओला फडका मारायचो आणि वेढे मोजायचो. एक वेढा म्हणजे एक वर्ष. माझ्या उस्तादानं शिकवलेलं. वय बघितल्याशिवाय पातं लावायचं नाही, म्हाताऱ्या लाकडाला ताण वेगळा असतो. आम्ही सगळे आरेवाले तेच करायचो. पण या परदेशी ओंडक्यांना वेढेच नव्हते. फडका मारला, रंधा फिरवला, तरी तोंड साफ, कोरं. कुठं कुठं पांढुरकी रेघ दिसायची, पण ती मधेच तुटायची, वेढा पुरा व्हायचा नाही.

म्हणून मी छाती काढून सांगितलं, "सर, त्याला वयच नसतं. वेढा एक नाही. वर्षा-दीड वर्षात उभं राहत असणार. आपल्याकडं केळ कशी वाढते, तसं. तोडलं तरी पुन्हा येतं. लोक उगाच रडतायत."

"नक्की?"

"माझा हात रोज त्याच्यावर असतो. तुमच्या पुस्तकवाल्यांचा असतो का?"

सरांचे डोळे चमकले. डावं पान भरण्यासारखं पहिलं खरं काही मिळालं होतं, ते पण करवत हातात असलेल्या माणसाकडून. त्यांनी ओळ लिहिली, कंसात माझं पूर्ण नाव लिहिलं. मी म्हटलं, "सर, व्याख्यानात माझं नाव नका घेऊ हां. मला नाही आवडत." ते म्हणाले, "नियम आहे." ही म्हणाली, "सर, लाजतात ते. नसेल घ्यायचं तर नका घेऊ." सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "बरं. वहीत राहील. बोलताना नाही घेणार."

व्याख्यानाला हॉल भरलेला. अर्धी माणसं सरांच्या हातचा मार खाल्लेली. मी आणि ही तिसऱ्या ओळीत. हिनं लग्नातली साडी नेसलेली. सरांनी आधी राखणाऱ्यांचं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "आता तोडणाऱ्यांचं." रस्ते, शेती, पोट, सगळं सांगितलं. आणि शेवटी, "या झाडांच्या खोडात वयाची वलयंच नसतात. म्हणजे ती फार भराभर वाढतात. तोडली तरी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा उभी राहतात."

पुढं ठाण्याच्या कॉलेजातल्या एक बाई बसल्या होत्या, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या. त्या उभ्या राहिल्या. चांगल्या होत्या, आवाज मऊ होता. "सर, माफ करा, पण हे चुकीचं आहे. वलयं नाहीत म्हणजे वय नाही असं नसतं. ती झाडं दीडशे, दोनशे वर्षांची असू शकतात."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, वर्षात एवढं झाड? गच्चीत लावू की मग!" हॉल हसला.

चिटणीस उठला. सरांचा आवाज काढून, तसाच हात करून म्हणाला, "सर, हे कोणाचं म्हणणं?"

आता तर छप्पर उडायचं बाकी राहिलं. चाळीस वर्षांचा प्रश्न आपल्याच अंगावर आला होता. सर सरळ उभे. त्यांची नजर हॉलवर फिरली, आमच्या ओळीवरून गेली, पण माझ्यावर थांबली नाही.

"माझंच," ते म्हणाले.

हिनं माझ्या मांडीला चिमटा काढला. "उठा." मी नाही उठलो. "अहो, उठा ना." मी समोरच्या माणसाच्या कॉलरकडं बघत बसलो.

माझ्याबद्दल सगळे सांगतात, हा तोंडावर बोलतो, कोणाला घाबरत नाही. मालकाला बोललोय, युनियनवाल्याला बोललोय. त्या दिवशी दातखीळ बसली.

घरी जाताना ही म्हणाली, "का नाही उठलात?"

"मला बोलता येत नाही शिकलेल्या लोकांत."

"शिव्या बऱ्या येतात."

त्यानंतर सहा दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, पण बोलायची नाही. मी म्हटलं, मीठ कमी आहे. तिनं मीठ पुढं सरकवलं.

सर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे खाली आले. मी विचारलं, "खोटं का बोललात? नाव घ्यायचं होतं माझं."

"तुम्हाला शब्द दिला होता."

"मग कोणीतरी सांगितलं म्हणायचं."

"लाकूड तुम्ही दिलंत, मिस्त्री. रंधा मारायचं काम माझं होतं. मी तसंच कच्चं वापरलं. मला ते फार आवडलं ना, म्हणून तपासलं नाही." मग पायरीवर बसून त्यांनी मला समजावलं. रात्रीतून पुस्तकं काढून वाचलं असणार, डोळे लाल होते. "आपल्याकडं चार महिने पाऊस, मग झाड उपास धरतं. वाढ थांबते. त्या उपासाची खूण म्हणजे तुमचा वेढा. तिकडं पाऊस बारा महिने. झाडाला उपासच नाही. मग खूण कशाची उमटणार?"

"मग वय कसं कळतं?"

"बघून नाही कळत."

सोमवारी कामावर गेलो. ट्रॉलीवर तसाच ओंडका. एकाच्या कवेत मावणार नाही असा. मी ओला फडका मारला. कोरं तोंड. इतके दिवस मी त्यांना कोवळी समजत होतो. पोरासोरांसारखी आत ढकलत होतो. हात लावून उभा राहिलो तर मुकादम ओरडला, "काय, पूजा घालतोस काय?" मी कापला. न कापून काय करणार होतो, घरी चार तोंडं होती. पण त्याच्या तोंडाची एक चकती, चार बोटं जाडीची, मुकादमाला सांगून बाजूला काढली.

शुक्रवारी चिटणीस सरांकडे येऊन गेला. जिन्यात बोलले, म्हणून आम्हाला ऐकू आलं. "सर, रागावू नका. पण तपासलेलं नाही म्हटल्यावर वाचनालयाचं नाव कसं घालायचं पुस्तिकेवर? राहू दे ना आता. वयही झालंय." सर म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर आहे." तो गेल्यावर सर खाली आले, हातात ती वही, पेपरात गुंडाळून सुतळी बांधलेली. हिला म्हणाले, "वहिनी, तुमच्या माळ्यावर जागा आहे का? वर असली की हात जातो."

हिनं हात पुसले. वही घेतली, पण माळ्यावर टाकली नाही. माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. मी जेवलो, वही बघत.

मग मी म्हटलं, "दुसरा शनिवार कधी आहे?"

ती म्हणाली, "तीन आठवडे." सहा दिवसांनंतर पहिला शब्द.

त्या शनिवारी विषय दुसराच होता, कोणाचा तरी हिमालयातला प्रवास. सर मागं कडेला बसलेले, त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. मी चकती गोणपाटात गुंडाळून नेलेली, पायाशी ठेवली होती. प्रवास संपला, आभार सुरू झाले, तसा मी उठलो.

"मला बोलायचंय."

चिटणीस म्हणाला, "काका, आजचा विषय वेगळा आहे."

"मागच्या वेळचं आहे. ते झाडाच्या वयाचं, ते मी सांगितलेलं. सर नाही. मी आऱ्यावर काम करतो, मला वेढे दिसले नाहीत म्हणून मी सांगितलं. सरांनी माझं नाव झाकलं." एवढं बोललो. गोणपाट सोडायला वाकलो तर गाठ सुटेना. पुढं काय बोलायचं ते पाठ केलेलं, सगळं गेलं. लोक कुजबुजायला लागले. चिटणीस म्हणाला, "ठीक आहे काका, कळलं. बसा."

हिच्या दहाव्याला सगळे म्हणत होते, गरीब गाय होती हो. त्यांनी तो शनिवार बघितला नव्हता.

ती उभी राहिली. पदर खोचलेला, भांडायला नळावर जाताना खोचायची तसा.

"ते बसणार नाहीत," ती म्हणाली. "तोडणाऱ्यांचं ऐकायचं म्हणून मागं सभा घेतलीत ना तुम्ही? मग आता समोर उभा आहे माणूस तर बसा काय म्हणता? त्यांना येत नाही बोलता, मी सांगते. ते चुकले. त्यांना कोणी शिकवलं नाही, उस्तादानं सागाचं शिकवलं तेवढंच ठाऊक. पण ती झाडं ते हौसेनं कापत नाहीत. तुम्ही मागता म्हणून येतात. जंगल वाचवा म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात, मी बघत होते. नव्या बिल्डिंगीत राहायला गेलेले किती जण आहेत हितं? तुमच्या दाराची चौकट कशाची आहे, विचारलंत कधी? सर दोन वर्षं विचारत फिरले, मान मोडून घेतली. त्यांना हसलात."

पंखे तेवढे फिरत होते.

त्या ठाण्याच्या कॉलेजच्या बाई त्या दिवशीही आल्या होत्या. त्या उठून माझ्याजवळ आल्या, खाली बसल्या आणि गोणपाटाची गाठ सोडायला लागल्या. चकती बाहेर काढली, मांडीवर घेतली, बोट फिरवलं. "मी आयुष्यभर चित्रात दाखवते हे," त्या म्हणाल्या. "हातात पहिल्यांदा घेतेय." मग चिटणीसाकडं वळून म्हणाल्या, "ती वही मला बघायची आहे. वलयांचं मी तपासून देईन. तुम्ही छापा."

चिटणीस हॉलच्या नव्या दाराकडं बघत होता. हिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, ती चौकट मलेशियनची, मीच कापलेली.

पुढं पुस्तिका निघाली. बारीकशीच, चाळीसेक पानांची. माझी चूक सरांनी तशीच ठेवली, माझ्या नावासकट, मला विचारून. खाली ती चूक का झाली ते लिहिलं. आणि डाव्या बाजूची शेवटची दोन पानं हिची. नाव विचारायला सर खाली आले. बारा वर्षं वहिनी वहिनी करत होते, नाव माहीत नव्हतं. सर पुढं सात-आठ वर्षं जगले. त्यांच्या मयताला ती आगरीण भाजीवालीसुद्धा आलेली.

पण पुस्तिका मी फार काढून बघत नाही. मला त्या शनिवारचं घरी येणं आठवतं. सर पुढं चालत होते, चकती खांद्यावर घेऊन. मला देईनात. "माझी आहे आता," म्हणाले. मागं आम्ही दोघं. ही खाली बघत चालत होती. मला वाटलं अजून राग आहे. बाजारात गर्दी होती, धक्का लागू नये म्हणून मी तिचा हात धरला, तर थंडगार पडलेला. हॉलमध्ये एवढं बोलली तेव्हा कोणाला कळलं नाही, मलासुद्धा नाही, की ती आतून किती घाबरलेली.

"सोडा," ती म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू दे."

सरांनी मागं वळून बघितलं. हा माणूस कशावरही काहीतरी विचारल्याशिवाय राहत नसे. पण त्यांनी नुसतं बघितलं, चकती दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि जरा भराभर चालायला लागले. आमच्यात अंतर पडावं म्हणून.

घर येईपर्यंत मी हात सोडला नाही.